ऊन दाखवलेली बरणी

माझी सही असलेलं विमान नऊ डिसेंबरला दुपारी तीनच्या सुमारास नागपूरच्या धावपट्टीच्या सहाशे मीटर अलीकडे तुरीच्या शेतात उतरलं. उतरलं म्हणते, कारण कॅप्टन सुलेखा उईके यांनी ते उतरवलं. दोन्ही इंजिनांचा जोर गेलेला असताना दुसऱ्या कुणाच्या हातून ते पडलंच असतं. आतली एकोणचाळीस माणसं वाचली. कॅप्टनचा स्वतःचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

मी तेव्हा घरी होते. जाईला, म्हणजे माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला, नाचणीची खीर भरवत होते. बातमी आली तेव्हा पहिला विचार त्या माणसांचा यायला हवा होता, पण मनात आलं ते वेगळंच. सकाळी सही करण्याआधी मी काय काय तपासलं होतं?

वैनगंगा एअरमध्ये मी विमान-दुरुस्तीची इंजिनिअर आहे. कंपनी लहान, पाचच जेट विमानं. बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला दोन महिने झाले होते. सकाळच्या पाळीत आमचं पहिलं काम एकच: टाकीच्या तळाची तोटी उघडायची, थोडं इंधन काचेच्या बरणीत घ्यायचं आणि उजेडात धरून बघायचं. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. बरणी नितळ असली तर टॅबवर ‘स्वच्छ’ या शब्दावर बोट टेकवायचं, तीच सही. माझ्यानंतर ती बरणी कुणी बघत नाही. माझं बोट मात्र एकजण बघतो, तो म्हणजे प्रतिविमान.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या प्रत्येक विमानाचं एक प्रतिविमान आहे, कंपनीच्या संगणकात. खरं विमान कुठल्या हवेतून गेलं, किती तापलं, कुठे हादरलं, पोटात काय भरलं, हे सगळं त्याला क्षणोक्षणी कळत असतं आणि तेही तसंच तापतं, हादरतं, झिजतं. खऱ्या विमानाचा स्क्रू ढिला होण्याआधी याचा होतो, म्हणून आम्ही वेळेत पिळतो. गेली चार वर्षं ते एकदाही चुकलं नव्हतं. त्यामुळे व्हायचं तेच झालं. माणूस एक म्हणाला आणि प्रतिविमान दुसरं म्हणालं, तर लोक माणसाकडे जरा कीव आल्यासारखं बघायला लागले.

अपघातानंतर प्रतिविमान म्हणालं, इंजिनं ठणठणीत होती. इंधन भरपूर होतं, झडपा उघड्या होत्या, तरी शेवटच्या पन्नास सेकंदांत इंजिनांकडे जाणारं इंधन अर्ध्यावर आलं. असं एकाच कारणानं होऊ शकतं, ते म्हणजे कॉकपिटमधून दोन्ही पंप बंद झाले. पंपांच्या बटणांची नोंद या विमानांत होत नाही. म्हणजे बटणं दाबली कॅप्टनने, चुकून.

‘मी पंपांना हात लावला नाही,’ कॅप्टन उईके इस्पितळातून म्हणाल्या. चॅनलवाल्यांनी ते वाक्य दाखवलं आणि लगेच खाली पट्टी फिरवली: प्रतिविमानाचा अहवाल वेगळंच सांगतो.

मी सुटले होते. खरं सांगायचं तर त्या रात्री मला छान झोप लागली.

अकराव्या दिवशी सकाळी जाईला मालिश करायची होती. खोबरेल तेल थिजलं होतं. डिसेंबरातलं नागपूर, घरोघरी तेलाची बाटली उन्हात असते. सासूबाईंनी ती कठड्यावर ठेवली आणि मला म्हणाल्या, ‘दहा मिनिटं ऊन दाखव, होते मोकळं.’

माझ्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. कारण आम्ही बरणीलाही ऊन दाखवायचो.

ही आमच्याकडची जुनी रीत. थंडीच्या दिवसांत पहाटे काढलेलं इंधन कधीकधी दुधट दिसतं, धुकं धरल्यासारखं. पुस्तकात नियम आहे की बरणी आहे त्या गारव्यात, भरल्याबरोबर बघायची. पण ढोबळेकाकांनी मला पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं, ‘ही हवा असते पोरी, बारीक बुडबुडे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेव, ऊन दाखव, पंधरा मिनिटांत निवळते.’ निवळायचंही. ढोबळेकाका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. सामानाच्या गाड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरपासून इंजिनाच्या पात्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी सांगितलं की संपलं.

नऊ तारखेला माझी बरणी दुधट होती. मी ती बॉनेटवर ठेवली आणि स्टोअररूममध्ये पंप लावून दूध काढायला गेले. अठरा मिनिटांनी परत आले. बरणी काचेसारखी नितळ. मी ‘स्वच्छ’वर बोट टेकवलं.

पाणी आणि इंधन मिसळत नाहीत असं आपण शाळेत शिकतो. ते पूर्ण खरं नाही. ऊबदार इंधनात पाण्याचा किंचित अंश विरघळून बसतो, चहातल्या साखरेसारखा, दिसत नाही. इंधन गार झालं की तेवढं पाणी त्यात मावत नाही. जे मावत नाही ते बारीक थेंब होऊन बाहेर येतं. तेच ते धुकं. परत ऊब दिली की थेंब पुन्हा विरघळतात. धुकं जातं, पाणी कुठेच जात नाही. जुन्या इंधनात हा अंश इतका कमी असायचा की आमची रीत खपून गेली. पण दोन वर्षांपासून आम्ही भंडाऱ्याकडच्या कारखान्यातलं, धानाच्या तणसापासून केलेलं इंधन वापरतो. ते स्वस्त आहे, धूर कमी करतं, सगळं चांगलं आहे. फक्त ते पाणी जास्त पितं.

आणि आमचं विमान लेहला जातं. तिथे इंधन भरत नाहीत, जाण्यायेण्याचं इथूनच नेतात. सहा तास ते इंधन उणे पन्नास अंशांच्या हवेत पंखांमध्ये झुलत असतं. त्यातलं जास्तीचं पाणी गोठेल नाही तर काय करेल?

मी जाईला मालिश न करताच कपडे घातले आणि विमानतळाकडे निघाले. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, तेल झालं मोकळं.’

*

ढोबळेकाकांनी सगळं ऐकून घेतलं. ते पाना पुसत होते, ते थांबले नाहीत.

‘एकतीस वर्षं झाली मले,’ ते म्हणाले. ‘किती बरण्यांले ऊन दाखवलं, मोजदाद नाही. एक विमान पडलं का?’

‘तेव्हा इंधन वेगळं होतं, काका.’

‘मंग इंधनवाल्यांले विचार.’

‘त्यांनी नमुना तपासला. खोलीत, पंचवीस डिग्रीला. स्वच्छच दिसला तो.’

‘बर्फ कोणी पाह्यला?’

तिथेच सगळं अडत होतं. बर्फ साक्षीला थांबत नाही. विमान तुरीत पडल्यावर अग्निशमनवाल्यांनी त्याच्यावर पाणी आणि फेस मारला. टाकीत सापडलेलं पाणी कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं.

‘दोन महिन्यांनी रिटायर होतो मी,’ काका म्हणाले. ‘तू बोलली तं तुह्यं लायसन जाईन, माह्यं नाव जाईन. अन् हाती काय? तुह्या शब्दापलीकडं काही नाही. सोड.’

घरी पराग, माझा नवरा, वेगळ्या शब्दांत तेच बोलला. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, आवाज चढवत नाही.

‘ते काय म्हणतील माहीत आहे का तुला? बाई दूध काढायला गेली आणि विमान पडलं. तुझ्यानंतर जी मुलगी रजेवरून परत येईल, तिलाही हेच ऐकवतील.’

‘माहीत आहे.’

‘मग?’

मी जाईला मांडीवर घेऊन बसले होते. ती माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राचा कोपरा चावत होती. मला भीती वाटते, मी मुळातच भित्री आहे. जाई झोपली की ती श्वास घेते आहे ना, हे मी दोन बोटं नाकापाशी धरून बघते. अशा माणसाला धाडस जमत नाही. पण दुसरं एक जमतं. एकदा काही दिसलं की ते न दिसल्यासारखं मला करता येत नाही.

‘चार विमानं अजून उडताहेत, पराग.’

त्यानं जाईच्या तोंडातून ओळखपत्र सोडवलं. मग म्हणाला, ‘उद्या मी सुट्टी टाकतो. जाईला मी बघेन.’

*

चौकशी समितीची बैठक विमानतळावरच्या सभागृहात अकरा वाजता सुरू झाली. अध्यक्ष डॉ. सबनीस, साठीचे, बारीक चणीचे, बोलताना चष्म्याच्या दांडीनं टेबलावर टकटक करणारे. कॅप्टन उईके चाकांच्या खुर्चीत, पाय प्लास्टरमध्ये. ढोबळेकाका मागच्या रांगेत. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रतिविमान.

‘मला पहिल्या दिवसापासून बर्फाचा संशय आहे,’ सबनीस म्हणाले. ‘फार गार बर्फ कोरडा असतो, रव्यासारखा. तो नळीतून वाहून जातो, काही बिघडत नाही. पण उणे पाच ते उणे वीसच्या मध्ये तो चिकट होतो. नळीच्या आतून थर धरतो. उंचावर इंजिन मंद चालतं तेव्हा थर शांतपणे वाढतो. उतरताना वैमानिक जोर मागतो, इंधन जोरात धावतं आणि सगळा थर एकदम सुटतो. पुढे इंधन गरम करणारी पेटी असते, तिच्या तोंडाला चाळणीसारखी भोकं. ती बुजतात. दोन्ही इंजिनांची बुजतात, कारण दोन्हींच्या पोटात इंधन एकच.’ त्यांनी पडद्याकडे बघितलं. ‘पण हे महाशय म्हणतात, बर्फ शून्य. कारण पाणी शून्य. कारण बरणी स्वच्छ. सही कुणाची?’

‘माझी,’ मी उठले. ‘बरणी स्वच्छ नव्हती, सर.’

मग मी सगळं सांगितलं. धुकं, ट्रॅक्टरचं बॉनेट, अठरा मिनिटं. कुठे गेले होते तेही. कंपनीचे मॅनेजर मध्येच म्हणाले, ‘म्हणजे ड्यूटी सोडून तुम्ही...’

‘बाई अठरा मिनिटं तिथेच उभी राहिली असती, तरी उन्हानं आपलं काम केलंच असतं,’ कॅप्टन उईके म्हणाल्या. ‘तिला पुरं बोलू द्या.’ त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. वळल्या असत्या तर मला पुढे बोलता आलं नसतं.

सबनीसांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, ‘डेपोत त्या दिवशीच्या इंधनाची राखून ठेवलेली बाटली असेल. आणि या इमारतीत फ्रिज कुठे आहे?’

फ्रिज कँटीनमध्ये होता. डेपोचा माणूस बाटली घेऊन आला आणि मठ्ठ्याच्या पातेल्याशेजारी तिला जागा करून दिली. कँटीनवाला म्हणाला, ‘साहेब, वास नाही ना लागणार मठ्ठ्याले?’

पाऊण तासानं बाटली बाहेर काढली. ती खोलीत सबनीसांनी नितळ म्हणून वर धरून दाखवली होती. आता पलीकडचं बोट दिसत नव्हतं. समितीबरोबर आलेल्या प्रयोगशाळेच्या मुलीनं धुक्यातून प्रकाश सोडून पाण्याचा अंदाज काढला. सबनीसांनी तो आकडा स्वतःच्या हातानं प्रतिविमानात भरला आणि नऊ डिसेंबरचं उड्डाण पहिल्यापासून चालवलं.

पडद्यावर दोन रेघा धावायला लागल्या. लाल रेघ खऱ्या विमानातून मिळालेली, निळी प्रतिविमानाची. लेह, परतीचा प्रवास, उतार. नळीच्या चित्रात पांढरा थर जाड होत गेला. कॅप्टननी जोर मागितला त्या क्षणी थर सुटला, चाळणी बुजली, निळी रेघ कोसळली. अगदी लाल रेघेवर. त्याच सेकंदाला, तेवढीच.

मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. कॅप्टन उईकेंनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांनी एकदाच नाक पुसलं.

मला मात्र भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. दीड वाजला होता.

‘सर,’ मी म्हटलं, ‘आजचं लेहचं विमान आत्ता परतीच्या वाटेवर आहे. आज सकाळी आठ डिग्री होतं. आजची बरणी कुणी बघितली?’

मॅनेजर टॅब चाळायला लागले. मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘म्या,’ ढोबळेकाका म्हणाले. ते उभे राहिले होते. त्यांचे हात पहिल्यांदाच मी रिकामे बघितले, ना पाना ना फडकं. ‘ऊन दाखवलं आजबी. कालच्या बोलण्याचा राग होता डोक्यात. मुद्दाम दाखवलं म्हणा ना. दुधाळ होती बरणी, नऊ तारखेपेक्षा जास्तच असन. लिहून घ्या.’

*

पुढचा दीड तास मला आठवतो तो तुकड्यातुकड्यानं.

प्रतिविमानाला आजचं पाणी नऊ तारखेपेक्षा जास्त धरून सांगितलं. त्यानं पाच सेकंदांत उत्तर दिलं: आज विमान तुरीच्या शेतापर्यंतही पोचणार नाही. त्याच्या आधी रिंगरोड होता आणि त्यावर शुक्रवारची दुपार.

‘आता या महाशयांना कामाला लावू,’ सबनीस म्हणाले. ‘उतरण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा करून बघ. जी वाचेल ती दाखव.’

प्रतिविमान उतरत राहिलं आणि पडत राहिलं. हळू उतरलं, पडलं. जोरात उतरलं, पडलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत होता. सहाशे. नऊशे. मी नखं खात होते, ती संपली. मग मला जाईचं औषध आठवलं. तिला चमचाभर एकदम दिलं की ती ठसकते आणि सगळं बाहेर. थेंबाथेंबानं दिलं की जातं.

‘सर, थर थोडा थोडा सोडवता येईल का? वरच, उंचावर. जोर द्यायचा आणि लगेच काढून घ्यायचा. पेटी गरमच असते, थोडा बर्फ आला तर ती वितळवेल. बुजली तरी खाली अकरा किलोमीटर आहेत, वेळ मिळेल.’

सबनीसांची टकटक थांबली. त्यांनी तसं भरलं. चौतीस वेळा जोर देण्याच्या वेगवेगळ्या वेळा करून बघितल्यावर प्रतिविमान पहिल्यांदा धावपट्टीवर उतरलं. तीन धक्के, प्रत्येकी दहा सेकंदांचे, मध्ये चार मिनिटांची विश्रांती. मग पुन्हा चालवलं. पुन्हा उतरलं. पन्नास वेळा उतरलं.

विमानात कॅप्टन इंगळे होता, सव्वीस वर्षांचा. नियंत्रण कक्षातून कॅप्टन उईके त्याच्याशी बोलल्या. त्यांची खुर्ची जिन्यावरून आम्ही चौघांनी उचलून नेली होती. एक बाजू ढोबळेकाकांनी धरली होती.

‘इंगळे, मी उईके. ऐक. पहिल्या धक्क्याला इंजिन मान टाकेल. घाबरून दांडा पुढे ढकलू नकोस. उलट मागे घे, मंद ठेव आणि वीस मोज. ते परत येईल.’

‘आलं नाही तर?’

‘तर एकवीस मोज.’

स्पीकरमधून त्याचं हसू ऐकू आलं, कोरडं. मग पहिला धक्का. टॅबवर इंधनाची रेघ वर गेली, आणि कोसळली. उजव्या इंजिनानं मान टाकली, लगोलग डाव्यानंही. मी मोजत होते. सगळेच मोजत होते, कुणाचाच आवाज नव्हता, नुसते ओठ. चौदाला डावं उठलं. एकोणिसाला उजवं.

‘आलं,’ इंगळे म्हणाला. ‘मॅडम, आलं.’

दुसऱ्या धक्क्याला रेघ नुसती डगमगली. तिसऱ्याला तेवढीही हलली नाही. तीन वाजून चार मिनिटांनी विमान ढगाबाहेर आलं, लहान, चांदीसारखं, आणि धावपट्टीच्या मधोमध टेकलं. टेकण्याआधी शेवटचा जोर त्यानं मागितला तेव्हा इंजिनांनी तो दिला, इतका की खिडकीच्या काचा थरथरल्या. कॅप्टन उईके प्लास्टरचा पाय विसरून उठायला गेल्या. मी त्यांना धरलं, आणि मग बराच वेळ आम्ही दोघींनी एकमेकींना सोडलं नाही.

उरलेली विमानं त्याच दुपारी जमिनीवर थांबवली. सबनीसांनी अहवालाचं पहिलं वाक्य तिथेच, उभ्या उभ्या लिहिलं: वैमानिकाची कोणतीही चूक आढळली नाही. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी लायसनचं कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं.

‘तीन महिने,’ ते म्हणाले. ‘नियम तो नियम. चौथ्या महिन्यात मात्र हे इंधन बघण्याची नवी पद्धत तुम्ही लिहून द्यायची. ढोबळे, तुम्हीही. आणि तिच्यात ऊन हा शब्द कुठेही नको.’

‘मी रिटायर होतो फेब्रुवारीत,’ काका म्हणाले.

‘मग घरी बसून लिहा.’

ढोबळेकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ‘अक्षर बेक्कार आहे माह्यं,’ ते म्हणाले. ‘तू लिहिजो. मी सांगतो.’

मी खाली आले. प्रवासी बाहेर पडत होते, टोप्या-मफलर गुंडाळलेले, हातात जर्दाळूच्या पिशव्या. कुणाला काही माहीत नव्हतं. एक गृहस्थ माझा गणवेश बघून थेट समोर आले.

‘मॅडम, तुम्ही कंपनीच्या ना? हे काय विमान चालवून राहिले तुम्ही लोकं? मध्येच जोरात, मध्येच बंद. तीन वेळा पोटात गोळा आला माझ्या. मिसेसचा चहा सांडला. तक्रार कुठे करायची?’

‘माझ्याकडेच करा,’ मी म्हटलं. खिशातून वही काढली आणि सगळं त्यांच्या शब्दांत उतरवून घेतलं, गोळा आणि चहासकट. त्यांचा राग जरा निवळला.

‘त्रास एकट्या तुम्हाला झाला की बाकीच्यांनाही?’ मी विचारलं.

‘एकट्या मला कसा होईल? सगळ्यांना झाला. चाळीसच्या चाळीस जणांना.’

‘चाळीस,’ मी मोठ्यानं म्हणत लिहिलं, आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.